राणेकाकूंची आगोट

वैशाख संपत आला की आमच्या भांडुपच्या बिल्डिंगमध्ये राणेकाकूंची आगोट सुरू व्हायची. आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पण आमच्याकडे निम्मे लोक घाटावरचे, त्यांना तो शब्द काकूंनीच शिकवला. गच्चीवर मिरच्या, आमसुलं आणि सुके बांगडे वाळत पडायचे. बांगड्यांच्या वासावरून दुसऱ्या मजल्यावरच्या केळकरांशी दर वर्षी एक भांडण ठरलेलं असायचं. ते यथासांग उरकलं की काकू पदर खोचून खाली यायच्या आणि गाडीची आगोट करायला घ्यायच्या.

गाडी चालत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको. जुन्या बनावटीची, गोल पाठीची गाडी होती ती. तिच्या थोड्याफार बहिणी तेव्हा अजून रस्त्यावर धावत असत आणि लोक त्यांना प्रेमाने ‘डुक्कर’ म्हणत. राणेकाका एका खाजगी कंपनीत ड्रायव्हर होते. साहेबांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी काकांनी मागून घेतली. रोज संध्याकाळी ड्यूटीवरून आले की ते अनूला, म्हणजे अनंताला, आपल्या एकुलत्या एका मुलाला, शेजारी बसवून पवईपर्यंत चक्कर मारून आणायचे. अनू अंगाने पुरता बाप्या झाला होता, त्याला मिशा होत्या, पण मन मात्र तीन-चार वर्षांच्या पोराएवढंच राहिलं होतं. बोलणं जवळजवळ नाहीच. काका एका दुपारी हार्टने गेले, आणि त्यानंतर काही महिन्यांत गाडीही बंद पडली ती कायमचीच.

अनूला त्यातलं काहीच मान्य नव्हतं. तो आपला जाऊन गाडीत डाव्या बाजूला बसायचा आणि पुढच्या काचेतून बघत राहायचा. समोर होतं काय? कंपाउंडची भिंत, तिच्यावरचं शेवाळ, फार तर एखादं मांजर. पण तेवढा वेळ तो शांत असायचा. घरात एकटा ठेवला तर भिंतीवर डोकं आपटायचा. त्याच्या कपाळावर कायम एक खोक असे, एक भरली की दुसरी. काकू म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात आया होत्या. सकाळी कामावर जाताना त्या अनूला गाडीत बसवायच्या, डबा मागच्या सीटवर ठेवायच्या आणि आमच्या तळमजल्याच्या खिडकीतून माझ्या बायकोला, सुनीताला, सांगून जायच्या, “बघ हां गं जरा.” एवढ्या एका व्यवस्थेवर ते घर उभं होतं. गाडी गेली असती तर अनूला दिवसभर ठेवायला दुसरी जागा नव्हती, आणि मग त्याला कुठल्यातरी संस्थेत नेऊन सोडण्यावाचून मार्ग नव्हता. काकूंना हे ठाऊक होतं, आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सोसायटीच्या प्रत्येक मीटिंगमध्ये ते कुणी ना कुणी बोलून दाखवायचंच.

काकू दिसायला बुटक्या, अंगाने भरलेल्या, आणि चालायच्या मात्र झपाझप. निळ्या काठांची पांढरी साडी, मनगटावर घड्याळ उलटं, म्हणजे तबकडी आतल्या बाजूला. बेल त्यांनी कधी वाजवली नाही. किल्लीने दारावर टकटक करायच्या आणि दार उघडेपर्यंत बाहेरून बोलायला सुरुवातही झालेली असायची. जन्मभर बाळंतपणं बघितल्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट त्यांना त्याच नजरेने दिसे. नळ घरघरू लागला की म्हणायच्या, कळा सुरू झाल्या. रॉकेलच्या रांगेत आपला नंबर जवळ आला की म्हणायच्या, डोकं दिसतंय, आता दमून चालायचं नाही. केळकर आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. ते मीटिंगमध्ये लांबण लावू लागले की काकू माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणत, “आडवं आलंय रे. हे काय लवकर सुटत नाही.” मग माझी हसू दाबता दाबता पुरेवाट व्हायची.

एरवी त्या मुंबईची सरळसोट मराठी बोलत. राग आला किंवा जीव घाबरा झाला की मात्र मालवणी सुरू. त्यामुळे बिल्डिंगमध्ये कुणालाही त्यांचा मूड भाषेवरून कळे. अनूबद्दल कुणी ‘वेडा’ म्हटलेलं त्यांनी ऐकलं तर त्या भांडत नसत, नुसतं त्या माणसाशी बोलणं बंद करत, आणि ते फार जड जाई. गाडी त्या रोज आतून-बाहेरून पुसत. ड्रायव्हरची सीटसुद्धा पुसत, पण डाव्या दारातून आत वाकून, हात लांब करून. तिच्यावर त्या कधी बसल्या नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, तिथे ह्यांची जागा आहे.

संकट आलं ते पाण्यातून. पुढच्या काचेभोवती जे रबर असतं ते उन्हाने वाळून वाळक्या चिंचेसारखं झालं होतं. त्यावरची चकाकती पट्टीही जागोजाग उचलली होती. पावसात तिथून पाणी झिरपायचं आणि पुढच्या सीटखाली, पाय ठेवायच्या जागी साचायचं. एका वर्षी भर पावसाळ्यात मलेरिया खात्याचा माणूस टाक्या तपासायला आला, आणि जाता जाता त्याने गाडीत बॅटरी मारली. आत पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. त्या वर्षी बिल्डिंगमध्ये घरटी एक आजारी होता. केळकरांची मुलगी तर हॉस्पिटलात पडून मरता मरता वाचली होती.

त्यानंतरच्या मीटिंगमध्ये केळकर थोडक्यात बोलले, ही त्यांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. पुढच्या पावसाळ्यात गाडीत पाणी सापडलं तर गाडी भंगारात जाईल, एवढंच त्यांनी सांगितलं. मग काकूंकडे न बघता म्हणाले की अनंतासाठी एखादी चांगली संस्था बघायला आपण सगळे मदत करू. माणूस वाईट नव्हता. पण मुलीचा ताप डोक्यात बसलेला, त्याला कोण काय बोलणार? घरी जाताना जिन्यापाशी काकू मला एवढंच म्हणाल्या, “संस्थेत घालूक मी तेका जल्माक घातलंय काय?”

त्याआधी त्यांनी काही कमी उपाय केले नव्हते. ताडपत्री घातली, तर काच झाकली गेली म्हणून अनूने ती फाडून काढली. फटींत डांबर भरलं, ते उन्हात वितळून आत ओघळलं आणि अनूने तेच हात तोंडाला फासले. नाक्यावरच्या गॅरेजवाल्याने मेलेल्या गाडीला हात लावायला साफ नकार दिला. हे रबर आता मिळतच नाही, असंही वर सुनावलं. काकूंनी ते खरं मानलं नाही. मिळत नाही असं ज्याला म्हणतात ते कुर्ल्याच्या भंगार बाजारात असतं, यावर त्यांची श्रद्धा होती.

एका रविवारी त्या मला घेऊन कुर्ल्याला गेल्या. काचेचं माप त्यांनी परकराच्या नाडीने घेतलं होतं. कोपऱ्या-कोपऱ्याशी गाठी मारलेली ती नाडी त्यांनी भर बाजारात पर्समधून काढली आणि दुकानादुकानांत पसरून दाखवायला सुरुवात केली, तेव्हा मला कुठे तोंड लपवावं ते कळेना. दारं, चाकं, आरसे, स्टिअरिंगं यांच्या डोंगरांतून आम्ही सकाळभर हिंडलो. शेवटी उस्मानभाई नावाच्या काचवाल्याकडे एक रबर निघालं. त्याने गाडी कोणती, चालते का, वगैरे विचारलं आणि ऐकून कीव आल्यासारखा हसला. म्हणाला, माँजी, ये गाडी तो मर गयी.

काकूंनी नाडी पुन्हा गुंडाळली आणि आपल्या हिंदीत म्हणाल्या, “गाडी मर गया. अंदर बैठनेवाला जिंदा है ना?”

उस्मानभाईचं हसू गेलं. त्याने आम्हाला बाकड्यावर बसवलं, चहा मागवला आणि एका फुटक्या काचेवर सगळी रीत करून दाखवली. आधी रबर काचेभोवती चढवायचं. बाहेरच्या खाचेत चकाकती पट्टी बसवायची. आतल्या खाचेत एक दोरी फिरवून तिची दोन्ही टोकं खाली लोंबती ठेवायची. मग काच बाहेरून चौकटीवर टेकवायची, एकाने तळव्यांनी दाबायची, आणि दुसऱ्याने आत बसून दोरी हळूहळू ओढायची, म्हणजे रबराचा ओठ पत्र्यावर चढत जातो. आणि सगळ्याला साबणाचं पाणी लावायचं. साबणाच्याच पाण्यावर त्याने जोर दिला, हे मला पक्कं आठवतं. काकू सारखी मान डोलवत होत्या. निघताना म्हणाल्या, यात नवीन काय आहे, हे तर आमचंच काम आहे.

पुढच्या आगोटीला काच बसवायचा मोठा सोहळा झाला. बिल्डिंगमधले झाडून सगळे पुरुष सल्ला द्यायला जमले होते. हात लावायला मी आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक पहिलवान, असे दोघेच. काकू आत, डाव्या सीटवर गुडघे टेकून, हातात तीच परकराची नाडी. अनूला सुनीताने आमच्या घरी बसवलं होतं आणि तो खिडकीचे गज हलवत होता. आम्ही बाहेरून काच दाबत होतो आणि आतून काकूंचा प्रसूतिगृहातला आवाज येत होता. घाई नको, आता थोडा जोर, थांबा, श्वास घ्या, हां आता. कोपरा अडला तेव्हा त्यांनी पहिलवानाला ‘नीट जोर लाव गं बाई’ म्हटलं आणि त्याने निमूटपणे लावला. शेवटचं टोक सटकन बाहेर आलं आणि काच अशी बसली की जणू कारखान्यातून तशीच आली असावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अनू धावत येऊन आपल्या जागी बसला.

एक गोष्ट मात्र आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आली नव्हती. काकूंनी रबराला साबणाचं पाणी लावलंच नव्हतं. साबणाने केस कोरडे होतात, मग रबर होणार नाही का, असा त्यांचा हिशेब. त्यांनी घरचं, गावाहून आलेलं खोबरेल तेल लावलं होतं, चांगलं वाटीभर, आणि नंतर दर रविवारी अनूच्या डोक्याला तेल घालताना त्याच हाताने त्या काचेच्या रबरालाही चोळत असत. आमच्याकडे काय, कातडी फुटली, तेल लावा. बिजागरी कुरकुरली, तेल लावा. पोर रडलं, टाळूवर तेल घाला. तेलाने कुणाचं वाईट झालेलं काकूंनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

रबराचं झालं. आषाढ नीट गेला. काकू रोज संध्याकाळी सीटखाली हात घालून बघायच्या आणि कोरडा हात आम्हाला खिडकीतून दाखवायच्या. श्रावणात रबर फुगायला लागलं. ते मऊ, लिबलिबीत झालं, ओठ पत्र्यावरून सुटला, आणि एका रात्रीच्या पावसाने आत घोटाभर पाणी भरलं.

काकू पहाटे उठून वाटीवाटीने गाडीतलं पाणी उपसायच्या, कोरड्या फडक्याने टिपायच्या, आणि मग कामावर जायच्या. दिवसा पाऊस आला की अनू पाय पाण्यात सोडून तसाच बसायचा. सुनीताने बाहेर काढायचा प्रयत्न केला तर तो दाराला धरून राहायचा, आणि अनूची ताकद रेड्याची. मग सुनीताच छत्री घेऊन, वाटी घेऊन पाणी काढत बसायची. केळकर कामावरून येताना गाडीशी थांबायचे, आत बघायचे, आणि काही न बोलता जिना चढायचे. त्यांचं ते न बोलणं फार भीतीदायक होतं. आज ना उद्या हा माणूस भंगारवाल्याला बोलावणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

त्यात अनूला थंडी वाजून ताप भरला. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. त्या संध्याकाळी किल्लीची टकटक झाली, पण बाहेरून बोलणं ऐकू आलं नाही. मी दार उघडलं. काकू उंबऱ्यावर उभ्या होत्या, हाताला तेलाचा वास. कुर्ल्याला जाऊन उस्मानभाईला रबराचा तुकडा दाखवून आल्या होत्या. त्याने वास घेऊन कपाळाला हात लावला होता. “माझ्याच हातान केलंय,” त्या म्हणाल्या. “तेल लावून लावून मीच कुजवलंय ता. लोकांची पोरां सुखरूप काढलंय, आणि माझ्या पोराक...” सुनीताने त्यांना आत घेतलं. मी उगाच बाहेर जाऊन गाडीपाशी उभा राहिलो, कारण काकूंना रडताना बघायची मला सवय नव्हती.

अनूचा ताप उतरला, आणि पावसाने जरा उघडीप दिली तेव्हा आम्ही काच पुन्हा उतरवली. उस्मानभाईने नवं रबर शोधून ठेवलं होतं. रविवारी सकाळी तो ते घेऊन स्वतःच भांडुपला आला. पण चौकटीला गंज चढला होता, तो घासून, रंग लावून, वाळेपर्यंत काच बसवता येणार नव्हती. म्हणून काच काकूंच्या घरात नेली आणि खाटेवर, भिंतीला टेकवून उभी केली. गाडी काचेविना उघडी. अनू आता दिवसभर डोकं आपटणार, या धास्तीने काकूंनी रजा टाकली होती.

दुपारी मी चौकशीला गेलो. अनू जमिनीवर मांडी घालून, खाटेसमोर बसला होता आणि त्या काचेतून बघत होता. काचेपलीकडे घरातली निळा चुना दिलेली भिंत, दुसरं काही नाही. त्याचा चेहरा गाडीत असायचा तसा शांत होता. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून त्याच्याकडे बघत होत्या. मला त्यांनी तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. मला वाटलं, आजाराने थकलाय पोरगा. काकूंना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही.

या वेळी साबणाचं पाणी उस्मानभाईने स्वतः कालवलं. काच बसली. पण केळकरांचा आता कशावरच विश्वास उरला नव्हता. पाणी येत नाही हे मी डोळ्यांनी बघणार, म्हणाले, आणि खरोखरच धोतराचा सोगा सावरून ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले, छत्री उघडून. शेजारी अनू बसलेला होताच. ते त्या सीटवर बसताना काकूंचा हात किंचित पुढे झाला होता, पण त्यांनी तो मागे घेतला. पहिलवानाने गच्चीच्या टाकीला पाइप लावून काचेवर पाण्याचा झोत सोडला. सगळी बिल्डिंग गॅलऱ्यांत उभी. काचेवरून पाणी असं लोटत होतं की आतलं काही दिसत नव्हतं.

बराच वेळ झाला. पहिलवानाने पाणी बंद केलं तरी केळकर बाहेर येईनात. मी वाकून बघितलं. अनूने त्यांची छत्री मिटून मागे टाकली होती, आणि केळकरांचे दोन्ही हात धरून स्टिअरिंगवर ठेवले होते. केळकर स्टिअरिंग धरून समोर भिंतीकडे बघत होते. अनू त्यांच्याकडे न बघता हसत होता. आम्ही कुणी त्यांना बाहेर या म्हटलं नाही. थोड्या वेळाने ते आपणच उतरले, सीटखाली हात घालून बघितला, कोरडा आहे, असं सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, आणि छत्री गाडीतच विसरून घरी गेले. त्यानंतर गाडीचा विषय त्यांनी मीटिंगमध्ये काढला नाही. बांगड्यांचं भांडण मात्र दर वर्षी नेमाने केलं.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. काही पावसाळे ते रबर टिकलं. पण भांडुपच्या चढावरच्या आम्हा लोकांना पाण्याची बोंब कायमची. शेवटी सोसायटीने जमिनीखाली टाकी बांधायचं ठरवलं, आणि कंपाउंडमध्ये टाकीसाठी जागा एकच होती, गाडीखालची. बायका वरच्या मजल्यांवर हंडे चढवत होत्या, एकीचा त्यात गर्भ पडला होता. काकूच तिला रिक्षात घालून घेऊन गेल्या होत्या. त्यामुळे यात भांडायला कुणीच नव्हतं. गाडी ढकलून रस्त्यावर ठेवून बघितली, तर म्युनिसिपालिटीची नोटीस चिकटली.

केळकर स्वतः सांगायला आले. मी तिथे होतो. खुर्चीवर बसले आणि पाण्याचा पेला हातात घेऊन तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, राणेबाई, माझ्याकडे दुसरी जागा नाही हो. काकू म्हणाल्या, माहीत आहे. त्या तेव्हा नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, दिवसभर घरीच असत, पण त्याने अनूत काही फरक नव्हता. गाडी रस्त्यावर होती त्या दोन-तीन दिवसांत त्याने कपाळ फोडून घेतलं होतं. काकूंच्या दंडावर त्याच्या बोटांचे वळ होते. केळकरांनी खिशातून एका संस्थेचा पत्ता काढला, काकूंकडे बघितलं आणि परत खिशात घातला.

काकूंनी एकच मागितलं. भंगारवाला येईल तेव्हा गाडी त्याची, पण पुढची काच माझी. केळकरांनी लगेच हो म्हटलं. मला मात्र राहवलं नाही. ते गेल्यावर मी विचारलं, काकू, नुसत्या काचेने काय होणार?

“खाटेसमोर बसलेलं बघितलं होतंस ना त्याला? गावाला जाऊन तिथल्या पडवीत ही काच बसवून घेते. भिंत फोडायची आणि बसवायची. दिराला कळवलंय.”

“आणि नाहीच मानलं अनूने तर?”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या तोंडावर इतका थकवा होता की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. “मगे माका इचारू नको,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे आता दुसरा काय नाय.”

काच काढायला उस्मानभाई आला. आता त्याची दाढी पांढरी झाली होती. रबर कापून काढलं तर काम सोपं, तो म्हणाला. काकूंनी कापू दिलं नाही. मग त्याने आत बसून दोन्ही पावलांनी काच हळूहळू रेटली, बाहेर मी आणि काकू तळवे लावून उभे. काच रबरासकट, पट्टीसकट आमच्या हातांत आली. काकूंनी पदराने काच कोरडी केली आणि छातीशी धरली.

काकू आणि अनू गावी निघाले त्या सकाळी टेम्पो दाराशी उभा होता. सामान फार नव्हतं. ट्रंका, भांडी, गाद्यांच्या वळकट्या, मिरच्यांची बरणी. अनू फाटकाच्या गजाला धरून बसला होता आणि हलायला तयार नव्हता. ड्रायव्हरचा आवाज चढायला लागला. काकूंनी त्याला हाताने थांबवलं आणि मला काच वर द्यायला सांगितली. मागच्या फळीजवळ, दोन ट्रंकांच्या मधे त्यांनी ती उभी केली, खाली गोधडी घातली, आणि परकराच्या त्या गाठी-गाठींच्या नाडीने ट्रंकांच्या कड्यांना बांधली. मग काचेमागे एक वळकटी ठेवली आणि बाजूला उभ्या राहिल्या. केळकर गॅलरीत होते. अनू बराच वेळ टेम्पोकडे बघत राहिला. मग त्याने गज सोडला, आपणच वर चढला आणि काचेमागे, डाव्या बाजूला सरकून बसला. सुनीता माझ्याशेजारी हुंदके देत होती.

काकू खाली उतरून आमच्यापाशी आल्या. मी उगाच म्हटलं, काकू, ते जुनं रबर तरी काढून टाकायचं होतं, उगाच ओझं.

“असू दे,” त्या म्हणाल्या. “गावाक पाऊस जास्ती पडता.”

टेम्पो उताराला लागला. काच आमच्याकडे तोंड करून होती, त्यामुळे वळणापर्यंत अनूचा चेहरा दिसत राहिला. तो आम्हाला बघत होता की आमच्यामागची भिंत, ते सांगता येणार नाही, पण शांत होता. त्याच्या उजव्या हाताला, जिथे त्या कधीही बसल्या नव्हत्या तिथे, काकू बसल्या होत्या.